मुंबई हायचा एल-३ थर: उशिरा सोडलेल्या पाण्याचे प्रकरण

१९८९-९० साली भारताने ३४.१ दशलक्ष टन कच्चे तेल काढले आणि तो तोवरचा उच्चांक ठरला. पुढची तीन वर्षे हा आकडा ओळीने खाली येत गेला आणि १९९२-९३ साली सुमारे २७ दशलक्ष टनांवर आला. देशात निघणाऱ्या तेलाचा पाचवा हिस्सा इतक्या थोड्या अवधीत नाहीसा झाला. वेळही वाईट होती. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत ताब्यात घेतल्यावर जगभर तेल भडकले होते आणि १९९१ च्या मध्यावर परकीय चलनाची गंगाजळी आटल्याने देशावर सोने गहाण ठेवण्याची पाळी आली होती. उत्पादनातल्या या घसरणीचा मोठा भाग मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, अरबी समुद्रातल्या एकाच क्षेत्रातून आला होता. ते क्षेत्र म्हणजे मुंबई हाय, आणि त्यातही मुख्यतः एल-३ या नावाने ओळखला जाणारा चुनखडकाचा एक थरसमूह.

मुंबईत भूशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गाला मी हे प्रकरण दर वर्षी शिकवतो. बहुतेक विद्यार्थी असे गृहीत धरून येतात की क्षेत्र जुने झाले, तेल संपत आले आणि म्हणून उत्पादन पडले. तसे झालेले नव्हते. तेल खडकातच होते आणि त्यातले बरेचसे आजही आहे. संपला होता तो तेलाला विहिरीपर्यंत ढकलणारा दाब. तो का संपला, हे खडकाच्या रचनेत शोधावे लागते.

द्रोणी कशी घडली

अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे उभे खांब ज्या बेसाल्टचे आहेत, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या महाउद्रेकांच्या काळातला खडक आहे. घाटमाथ्यावर लाव्हाचे हे थर जवळजवळ आडवे दिसतात, पनवेलच्या पट्ट्यात ते पश्चिमेकडे वाकतात आणि मुंबईच्या बेटांवर स्पष्टपणे समुद्राकडे कललेले आढळतात. किनाऱ्यापाशी ते थांबत नाहीत. तसेच खाली उतरत जाऊन ते समुद्राखालच्या गाळाच्या द्रोणीचा, म्हणजे गाळ साचत गेलेल्या विस्तीर्ण खोलगट भागाचा, तळ बनतात. दोनशे मीटर खोलीच्या रेषेपर्यंत मोजली तर या द्रोणीचे क्षेत्रफळ सुमारे १ लाख १६ हजार चौरस किलोमीटर भरते, आणि तिच्यातल्या गाळाची जाडी ठिकाणानुसार एक किलोमीटरपासून पाच किलोमीटरपर्यंत बदलते.

जाडीतला हा फरक पडला तो उद्रेकांच्या पाठोपाठ झालेल्या फाटाफुटीमुळे. सेशेल्सचा भूभाग भारतापासून तुटून वेगळा होत असताना इथले कवच ताणले गेले, त्यात विभंग (खडक तुटून सरकल्याच्या रेषा) पडले, काही ठोकळे खचले आणि काही उंचावरच राहिले. खचलेल्या भागांत पॅलिओसीन काळापासून (सुमारे ६.६ ते ५.६ कोटी वर्षांपूर्वी) गाळ साचू लागला, तर मुंबई हायचा ठोकळा बराच काळ भोवतालच्या पाण्यातून वर डोकावत राहिला. त्यामुळे त्याच्या माथ्यावर सर्वांत जुने गाळखडक जवळजवळ नाहीतच. समुद्राने तो माथा नीट झाकला तो पुढे, ऑलिगोसीन (सुमारे ३.४ ते २.३ कोटी वर्षांपूर्वी) आणि त्यानंतरच्या मायोसीन काळांत. आज तिथे पाणी ७५ मीटरच्या आसपास खोल आहे आणि त्याखाली गाळखडकांची घुमटासारखी घडी आहे. ही घडी सुमारे ६५ किलोमीटर लांब आणि २३ किलोमीटर रुंद असून तिची पूर्वेकडची बाजू विभंगाने तुटलेली आहे.

या माथ्यावर चिखल न साचता चुनखडक का तयार झाला, हा मला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो आणि त्याचे उत्तर नद्यांकडे आहे. नर्मदा आणि तापी आपला गाळ द्रोणीच्या उत्तर भागात, सुरतेच्या खोलगटात टाकत राहिल्या. दक्षिणेला सह्याद्रीचा कडा किनाऱ्याला लागून असल्यामुळे कोकणातल्या नद्या आखूड आहेत, आणि दख्खनच्या पठाराचा बहुतेक गाळ गोदावरी आणि कृष्णा पूर्वेकडे वाहून नेतात. म्हणून मुंबईच्या समोरचा उथळ समुद्र दीर्घकाळ तुलनेने स्वच्छ राहिला. अशा उबदार आणि नितळ पाण्यात फोरॅमिनीफेरा गटातले सूक्ष्म जीव आणि चुना धरणारी शैवाले भरभरून वाढतात. त्यांच्या कवचांचा आणि अवशेषांचा थर बसत गेला आणि तोच पुढे चुनखडक झाला.

तेलाचा उगम मात्र या माथ्यावरचा नाही. पॅलिओसीन ते त्यानंतरच्या इओसीन काळाच्या आरंभी, माथ्याभोवतीच्या खोलगटांत दलदली आणि उथळ खाड्या होत्या. तिथे सेंद्रिय द्रव्याने समृद्ध शेल (चिखल घट्ट होऊन बनलेला खडक) आणि कोळशाचे पातळ थर साचले. या खडकसमूहाला पन्ना शैलसमूह म्हणतात. या द्रोणीत खोलीबरोबर तापमान चांगलेच वेगाने वाढते, त्यामुळे गाडल्या गेलेल्या त्या शेलमधून तेल आणि वायू तयार झाले आणि वरच्या दिशेने सरकत उंच ठोकळ्यांच्या सच्छिद्र खडकांत अडकले. माथ्यावरच्या चुनखडकाला वरून मायोसीन काळातल्या शेलचे झाकण होतेच. काही ठिकाणी तळाच्या कठीण खडकाच्या भेगांतही तेल सापडले आहे. बेसाल्ट किंवा ग्रॅनाइटी खडकात तेल कसे, असे ज्यांना वाटते त्यांना हा नकाशा एकदा समोर ठेवून दाखवावा लागतो: उगमाचा शेल बाजूला आणि खाली, भेगाळलेला ठोकळा वर.

थरांच्या तक्त्यावर बसीन, अलिबाग, रत्नागिरी, माहीम, वांद्रे आणि चिंचिनी अशी नावे लागतात. गेल्या वर्षी पालघर जिल्ह्यातल्या एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, आमच्या चिंचणीचे नाव समुद्राच्या तळाशी कसे गेले?” जे खडक जमिनीवर कुठेच उघडे पडत नाहीत, त्यांना ओळखीचे गाव द्यायचे तर ते जवळच्या किनाऱ्यावरूनच घ्यावे लागते, असे मी तिला सांगितले. तेलक्षेत्रांची नावे मात्र रत्नांची आहेत: पन्ना, मुक्ता, हिरा, नीलम.

एल-३ चा स्वभाव

समुद्रतळाखाली साधारण १,३०० ते १,४०० मीटरवर असलेला एल-३ हा आरंभीच्या मायोसीन काळातला चुनखडक आहे. मुंबई हायच्या तेलाचा फार मोठा वाटा त्यात आहे. त्याला एकच नाव असले तरी तो एकसंध खडक नाही. वरून खाली उतरताना ए-१, मग ए-२ चे सात उपथर, मग बी, सी आणि डी असे त्याचे भाग पाडलेले आहेत. प्रत्येक भाग काही मीटर जाडीचा आहे आणि दोन भागांमध्ये शेलचा पातळ पडदा आहे.

अशी रचना समुद्रपातळीच्या वारंवार चढउतारांमुळे झाली. पाणी चढले की चिखल येऊन शेलचा पडदा बसे, पाणी स्थिरावून नितळ झाले की त्यावर चुनखडक वाढे आणि पाणी उतरले की चुनखडकाचा वरचा भाग उघडा पडून पावसाच्या पाण्यात विरघळे. त्या विरघळण्यातून खडकात पोकळ्या आणि वाटा तयार झाल्या. तेल साठते ते मुख्यतः याच पोकळ्यांत. मात्र प्रत्येक थर सारखा काळ उघडा राहिला नव्हता, आणि एकाच थरातही सगळीकडे सारखी झीज झाली नव्हती. परिणामी एका थरातून द्रव सहज वाहतो, तर त्याच्या दोनच मीटर खालचा थर तेलाने भरलेला असूनही ते सोडायला तयार नसतो. खोदकामातून वर आलेल्या खडकाच्या गाभ्याचा तुकडा हातात घेतला की हा फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो. एका ठिकाणी मोहरीएवढ्या भोकांची जाळी असते आणि वीतभर खाली खडूसारखा घट्ट, बंद खडक असतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी व्याख्यानाच्या आधी तोच तुकडा हाताळायला देतो.

दुसरा गुण याहून निर्णायक होता. एल-३ मध्ये तेलाच्या वर वायूची टोपी आहे. वायू आणि तेल असे एकमेकांना लागून असले तर तेलात जितका वायू विरघळू शकतो तितका तो आधीच विरघळलेला असतो, म्हणजेच तेल संपृक्त असते. गोटी सोड्याची गोटी आत ढकलली की दाब सुटतो आणि त्याच क्षणी बुडबुडे येतात, तसेच इथे होणार होते. काही क्षेत्रांत तेल असंपृक्त असते, तिथे दाब बराच उतरला तरी वायू सुटत नाही आणि व्यवस्थापनाला काही वर्षांची मोकळीक मिळते. एल-३ मध्ये ती मोकळीक पहिल्या दिवसापासून नव्हती. शिवाय खालून आपोआप चढून दाब राखील असा पाण्याचा जोरदार नैसर्गिक साठाही त्याला लाभलेला नव्हता.

शोध आणि उपसा

या रचनेचा सुगावा १९६४ ते १९६७ दरम्यान भारतीय आणि सोव्हिएत शास्त्रज्ञांनी ‘अकादमिक अर्खांगेल्स्की’ या जहाजावरून केलेल्या भूकंपीय सर्वेक्षणात, म्हणजे खडकांत कंपने पाठवून केलेल्या पाहणीत, लागला. जपानमध्ये हिरोशिमा इथे बांधलेल्या ‘सागर सम्राट’ या रिगने ३१ जानेवारी १९७४ रोजी खोदकाम सुरू केले आणि १९ फेब्रुवारीला तेल लागले. २१ मे १९७६ रोजी उत्पादन सुरू झाले. आरंभी तेल टँकरमधून येई, पुढे समुद्रतळावरून उरणपर्यंत पाइपलाइन आली. उरणचा तेलवायू प्रकल्प, थळचा खतकारखाना, न्हाव्याचा पुरवठा तळ, जुहूच्या विमानतळावरून समुद्रातल्या तेलफलाटांकडे जाणारी हेलिकॉप्टरे आणि चौदा दिवस समुद्रात व चौदा दिवस घरी राहणारी हजारो कुटुंबे, हे सगळे त्या शोधानंतरचे मुंबई-रायगडचे जग आहे.

१९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाची किंमत चौपट झाली होती, १९७९ च्या इराणी क्रांतीनंतर ती पुन्हा उसळली आणि देश आपल्या गरजेतले बहुतांश तेल बाहेरून आणत होता. म्हणून हे क्षेत्र शक्य तितक्या वेगाने विकसित करण्याचा निर्णय झाला. १९८०-८१ साली देशाचे एकूण उत्पादन १०.५ दशलक्ष टन होते, ते १९८४-८५ साली सुमारे २९ दशलक्ष टन झाले. ही वाढ प्रामुख्याने मुंबई हायची होती. १९८५ च्या सुमारास ते एकटे क्षेत्र दिवसाला चार लाख पिंपांहून (बॅरलांहून) अधिक तेल देत होते आणि देशाच्या गरजेपैकी जवळपास सत्तर टक्के तेल देशातच निघत होते. हे यश लहान नव्हते. ज्यांनी ते मिळवले त्यांच्या कष्टांबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि पुढचे परीक्षण मी त्या आदरासह करतो.

तेल काढले की खडकात जागा रिकामी होते. वर मोजलेल्या एका पिंपासाठी खाली एका पिंपाहून जास्त जागा मोकळी होते, कारण वर येताना विरघळलेला वायू निघून गेल्यामुळे तेल आकसते. ती जागा पाण्याने भरून काढली नाही तर दाब उतरतो. मुंबई हायमध्ये समुद्राचे पाणी गाळून, त्यातला प्राणवायू काढून आणि जंतुनाशक घालून विहिरींतून खडकात सोडण्याचे काम उत्तर भागात १९८४ साली सुरू झाले. तिथले उत्पादन १९७६ पासून चालू होते. दक्षिण भागात उत्पादन १९८० साली आणि जलभरण १९८७ साली सुरू झाले. म्हणजे उत्तरेला आठ वर्षे आणि दक्षिणेला सात वर्षे उपसा होत राहिला आणि भरपाई झाली नाही. या प्रकरणातला सर्वांत महागडा निर्णय माझ्या मते हाच आहे.

घसरण

दाब उतरताच जे व्हायचे ते क्रमाने झाले. तेलातून वायू सुटू लागला. वायू तेलापेक्षा कितीतरी सहज वाहतो, म्हणून खडकातल्या वाटा त्यानेच व्यापल्या आणि विहिरीकडे तेलाआधी तो पोचू लागला. ज्या विहिरी टोपीच्या जवळ होत्या त्यांच्यात वरचा वायूही खेचला गेला. दर टन तेलामागे निघणाऱ्या वायूचे प्रमाण वाढत गेले. तो सगळा वायू दाबून किनाऱ्यावर आणण्याची सोय त्या वर्षांत पुरेशी नसल्याने त्यातला पुष्कळसा फलाटावरच्या ज्वाळेत जळत असे. मात्र वायू वाया जाण्यापेक्षा मोठी हानी खाली होत होती. तेलाला वर ढकलणारी शक्ती त्या वायूत होती, आणि ती निघून गेल्यावर मागे राहिलेले तेल जड आणि चिकट होत जाते. अखेर फार वायू देणाऱ्या विहिरी बंद ठेवाव्या लागल्या आणि उत्पादनाचा आकडा आणखी खाली आला.

उशिरा सुरू झालेल्या जलभरणाने ही तूट भरून निघायला हवी होती, पण इथे थरांच्या स्वभावाचा विसर पडला. अनेक विहिरींत एल-३ चे सर्व थर एकत्र उघडे केलेले होते आणि पाणी एकाच नळातून सर्वांसाठी सोडले जात होते. पाणी सगळ्या थरांत सारखे विभागले जात नाही. ते सर्वांत मोकळी वाट धरते. धुपून पोकळ झालेल्या एक-दोन थरांतून ते धावत जाऊन उत्पादन विहिरींत लवकर उगवले, तर घट्ट थरांतले तेल जागीच राहिले. एकूण हिशेबात पाणी पुरेसे गेलेले दिसे आणि तरीही काही थर उपाशी असत, काहींत पूर येई. त्यातच पाणी वाहून नेणाऱ्या समुद्रतळावरच्या नळांना गंज लागून गळती होई, त्यामुळे ठरलेले पाणीही नेहमी पोचत नसे.

एल-३ ही एक टाकी नव्हती. दहाएक उथळ परातींची ती चळत होती, प्रत्येक परातीची सच्छिद्रता आणि पार्यता (द्रव वाहू देण्याची क्षमता) निराळी होती, आणि हिशेब मात्र टाकीचा मांडला गेला. हे सर्व १९७६ साली कळले असते का, हा प्रश्न विद्यार्थी विचारतात आणि तो रास्त आहे. एवढ्या विस्तीर्ण घडीवर सुरुवातीला मोजक्याच विहिरी होत्या. एखादा थर शेजारच्या फलाटापर्यंत तसाच सलग जातो की मध्ये बदलतो, हे शेकडो विहिरी झाल्यावरच दिसते. थरांतला फरक कमी लेखला गेला, यासाठी मी त्या पिढीला दोष देत नाही. वायूची टोपी मात्र आरंभीच सापडली होती. टोपीखालचे तेल संपृक्त असते हे तेव्हाही पाठ्यपुस्तकातले ज्ञान होते, आणि दाब कधी राखायचा याचे उत्तर त्यातूनच निघत होते. फलाट, नळ आणि पाणी शुद्ध करण्याची यंत्रणा उभी करायला पैसा लागतो, तिच्यातून लगेच एक पिंपही तेल मिळत नाही, आणि टंचाईच्या काळात असा खर्च पुढे ढकलला जातो. दाबाच्या मोजणीत दिसणारा उतार आणि अर्थसंकल्पात दिसणारी गरज यांत गरजेचे पारडे जड ठरले.

दुरुस्ती

१९९० च्या दशकाच्या मध्यावर देशाचे उत्पादन पुन्हा थोडे सावरले, १९९४-९५ साली ते ३२ दशलक्ष टनांच्या वर गेले, पण त्यात नीलमसारख्या नव्या क्षेत्रांचा हात होता. मुंबई हायचे मूळ दुखणे तसेच होते. शतक बदलताना उत्तर आणि दक्षिण भागांसाठी पुनर्विकासाचे स्वतंत्र कार्यक्रम हाती घेतले गेले. त्यांत त्रिमितीय भूकंपीय सर्वेक्षणाच्या आधारे थरांचे नवे प्रतिरूप तयार झाले. जुन्या विहिरींच्या कुशीतून फांद्यांसारख्या आडव्या विहिरी खोदून त्या ठरलेल्या एका थरात शेकडो मीटर चालवण्यात आल्या. उभी विहीर चार मीटर जाडीच्या थराला चार मीटरच स्पर्श करते, तर आडवी विहीर त्याच घट्ट थराला इतकी लांब खिडकी उघडून देते की मंद वाहणारे तेलही पुरेशा प्रमाणात जमते, आणि वरच्या वायूला खेचून घेईल इतका जोर एका जागी लावावा लागत नाही. पाणी थरानुसार वेगळे सोडण्यावर भर आला. दाब पुरत नाही तिथे विहिरीत वायू सोडून तेलाचा स्तंभ हलका करण्याची पद्धत सर्रास वापरली जाऊ लागली. जुना उच्चांक परत आला नाही, पण कड्यावरून कोसळणारी रेषा मंद उताराची झाली.

जानेवारी २०२५ मध्ये हे क्षेत्र चालवणाऱ्या ओएनजीसी या सरकारी तेलकंपनीने मुंबई हायसाठी बीपी या ब्रिटिश तेलकंपनीला दहा वर्षांकरता तांत्रिक सेवा पुरवठादार म्हणून नेमले. दहा वर्षांत तेलात ४४ टक्के आणि वायूत ८९ टक्के वाढ होईल असा अंदाज तेव्हा जाहीर झाला. आजचे उत्पादन १९८५ च्या उच्चांकाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असल्याने ही वाढ साधली तरी आपण त्या उच्चांकाच्या निम्म्यापर्यंतही पोचणार नाही. तरीही या कामाकडे मी आशेने पाहतो, कारण आता ज्या तेलामागे जायचे आहे ते ए-२ च्या घट्ट उपथरांत, पाण्याने वळसा घातलेल्या कोपऱ्यांत आणि टोपीच्या कडेच्या पातळ पट्ट्यात अडकलेले आहे. तिथे प्रत्येक नव्या विहिरीसाठी आधी ठरवावे लागेल की ती कोणत्या परातीत उघडायची, तिला पाणी कुठल्या विहिरीतून मिळणार आणि ते पाणी शेलच्या पडद्याच्या वर जाणार की खाली.